घरच्या कोब्याला हिराकसाचा रंग कसा द्यायचा, आमच्या नेरुळच्या खोलीचा अनुभव

नेरुळला आमचं सिडकोचं जुनं रो हाउस आहे. वरची खोली बाबांनी नंतर वाढवून घेतली, तेव्हा पैसे संपले म्हणून तिथे फरशी न बसवता नुसता सिमेंटचा कोबा घोटून घेतला आणि त्यावर रेक्झिनचं कार्पेट अंथरलं, ते पुढे कितीतरी वर्षं तसंच राहिलं. मागच्या हिवाळ्यात ते कार्पेट फाटलं म्हणून उचललं तर खालचा कोबा एकदम ठणठणीत, एक बारीक चीर सोडली तर कुठे काही नाही, फक्त रंग तो सिमेंटचा उदास राखाडी. टाइल बसवायची तर आधीच्या जमिनीवर दोन इंच चढणार, दार कापावं लागणार, मजुरी वेगळी. मग ठरवलं की आहे त्याच जमिनीला रंग द्यायचा, आणि तो घरीच बनवायचा.

दुकानात मिळणारा फ्लोअर पेंट मला नको होता कारण पेंट वर बसतो, आणि वर बसलेली गोष्ट कधीतरी सुटते, खुर्ची ओढली की पापुद्रा निघतो. मला पाहिजे होता तो कोब्यात मुरणारा रंग. त्यासाठी सगळ्यात सोपी आणि स्वस्त वस्तू म्हणजे हिराकस. जुन्या लोकांना माहीत असेल, हिरडा आणि हिराकस मिळून काळी शाई करायचे, तोच हा हिराकस, फेरस सल्फेट. हिरवट खडे असतात. शेतीत आणि कुंड्यांना लोह कमी पडलं, पानं पिवळी पडली की हेच घालतात, म्हणून नर्सरीत किंवा खताच्या दुकानात ‘फेरस सल्फेट’ म्हणून मागा, पिशवीवर लोह १९ टक्के असं लिहिलेलं असतं. आम्ही ठाण्याला जांभळी नाक्याच्या मार्केटमधून सुटा आणला. घेताना बघा की खडे हिरवे आहेत, पिवळट-तपकिरी पावडर झाली असेल तर तो माल हवेने आधीच गंजलाय, तो घेऊ नका.

आता हे होतं कसं ते नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. सिमेंट घट्ट होताना आत मोकळा चुना तयार होतो. हिराकसाचं पाणी त्या चुन्याला भेटलं की लोह कोब्याच्या बारीक भोकांमध्ये बसतं, आधी हिरवट दिसतं, मग हवा लागली की गंजतं आणि गेरूसारखं, तपकिरी होतं. म्हणजे तुम्ही रंग लावत नाही आहात, रंग तिथे जमिनीत तयार होतोय. आणि म्हणूनच तो कुठला येणार, किती गडद येणार हे अर्धं तुमच्या हातात आणि अर्धं त्या जमिनीच्या. जिथे गवंड्याने जास्त घोटलं तिथे फिका, जिथे सिमेंट जास्त तिथे गडद, मध्येच ढगांसारखं. ज्यांना एकसारखा सपाट रंग पाहिजे त्यांनी खरंच हे करू नका, त्यांना नंतर वाईट वाटेल. मला स्वतःला तो ढगाळपणाच आवडतो, जुन्या डाक बंगल्याच्या जमिनीसारखा दिसतो.

लोक हमखास विचारतात की हळद, बीट, चहा असं काही नाही का चालणार. हळदीचं सांगते. हळदीत चुना पडला की ती लाल होते, आपल्याकडे कुंकू असंच करायचे, त्यामुळे कोब्यावर हळद पिवळी राहतच नाही, लालसर होते आणि मग उन्हाने उडून जाते. बीटही टिकत नाही. चहा आणि हिराकस एकत्र करून काळपट रंग मी एका कोपऱ्यात करून बघितला, कापडावर तो पक्का बसतो पण कोब्यातल्या चुन्यापुढे त्याचं काही चाललं नाही, दोन-चार वेळा पुसल्यावर धुरकट डाग तेवढा उरला. निळा-हिरवा पाहिजे म्हणून मोरचूद वापरणारे आहेत. ज्यांच्या गावी सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारतात त्यांना तो निळा रंग माहीत आहे, मोरचूद आणि चुना, तीच क्रिया. पण मोरचूद माशांना विषारी आहे, आणि आपल्याकडे जमीन धुतलेलं पाणी गटारातून शेवटी खाडीलाच जातं, त्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान मिळालाय, समोर फ्लेमिंगो चरत असतात. मी मोरचूद वापरला नाही आणि कुणाला वापरा असं सांगणार नाही.

पण हळद एका कामासाठी फार उपयोगी आहे, जमिनीची परीक्षा घ्यायला. चिमूटभर हळद पाण्यात कालवा आणि कॉटच्या खाली येईल अशा कोपऱ्यात, आधी साध्या पाण्याने नीट धुवून (साबणाचा अंश राहिला तर त्यानेही हळद लाल होते), एक थेंब टाका. लगेच लालसर झाली तर वर चुना जिवंत आहे, रंग छान येणार. पिवळीच राहिली तर समजायचं की वरचा थर हवा खाऊन खाऊन मेलाय, वर्षानुवर्षं उघड्या असलेल्या जमिनीचं असं होतं, तिथे पॉलिशच्या दगडाने घासून वरचा पातळ थर काढावा लागतो मग खालचा चुना मिळतो.

दुसरी परीक्षा पाण्याची. नुसतं पाणी शिंपडा. मिनिटभरात जिरून डाग गडद झाला तर जमीन पितेय. थेंब मोत्यासारखे वर उभे राहिले तर तिच्यावर काहीतरी आहे, जुनं सीलर (पाणी जिरू नये म्हणून शेवटी वरून मारतात तो पातळ थर), मेण, तेल किंवा कार्पेटचा गम, आणि त्याच्यावर कितीही हिराकस ओता काही होणार नाही.

आणि तिसरी परीक्षा ओलीची, ही तळमजल्यावाल्यांनी टाळूच नका. नवी मुंबईचा बराच भाग सखल आहे, भराव घातलेला आहे, भरतीचं पाणी सांभाळायला सिडकोने धारण तलाव बांधले ते उगाच नाही. तळमजल्याच्या जमिनीतून ओल वर येते आणि सोबत क्षार घेऊन येते. दीड-दोन फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी खाली पाण्याचे थेंब किंवा गडद ओला चौकोन दिसला तर तिथे रंग द्याल हो, पण वरचं सीलर पांढरं पडेल आणि सोलून निघेल. आमची खोली वरच्या मजल्यावर म्हणून हा प्रश्न आला नाही, पण खालच्या पडवीत मी हे करून बघितलं तर प्लास्टिक आतून भिजलेलं होतं, म्हणून पडवी सोडून दिली.

वेळ निवडायची तर दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. हवा कोरडी असते, सगळं वेळेत वाळतं. पावसाळ्यात हात लावू नका. नवा कोबा घातला असेल तर निदान २८ दिवस जाऊ द्या, पाणी मारून झाल्यावर पूर्ण सुकू द्या.

सफाईला मला दोन दिवस लागले आणि रंगाला एक, हे प्रमाण लक्षात ठेवा. आधी खरवडणीने सिमेंटचे, पीओपीचे, डिस्टेंपरचे जुने थेंब काढले, प्रत्येक थेंब नंतर पांढरा ठिपका म्हणून दिसतो. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून काथ्याच्या ब्रशने घासलं. तेलाचे डाग असतील तिथे कोरडी टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवा, ती तेल ओढून घेते, मग घासा. शेवटी साध्या पाण्याने तीन वेळा, सोड्याचा अंश राहायला नको. टॉयलेटचं ॲसिड टाकून जमीन साफ करायचा सल्ला मिस्त्री लोक पटकन देतात, मी ऐकला नाही. ॲसिड वरचा चुनाच खाऊन टाकतं, आणि रंग त्या चुन्यावरच तर यायचाय. शिवाय ॲसिड आणि ब्लीच जवळजवळ पडलं तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो, बंद खोलीत हा खेळ नको.

चिरा आधी भरायच्या नाहीत. भरलेला भाग वेगळाच रंग घेतो आणि चीर लपण्याऐवजी चारपट दिसते. आमची चीर तशीच ठेवली, तिच्यात रंग जास्त मुरला आणि ती आता गडद रेघेसारखी दिसते, दगडातली शीर असते तशी.

प्रमाण सांगते. एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम हिराकस, हे माझं. फिकट गव्हाळ पाहिजे तर ५० ग्रॅम. आमची खोली १० बाय १२, एका हाताला साधारण सव्वादोन-अडीच लिटर लागलं, म्हणून दोन हातांसाठी ५ लिटर पाणी आणि अर्धा किलो हिराकस. बादली प्लास्टिकची घ्या, पत्र्याची नाही. पाणी कोमट असलं तर लवकर विरघळतं. विरघळल्यावर जुन्या सुती कापडातून गाळून घ्या, तळाला कचरा असतो. आणि हे पाणी त्याच दिवशी वापरायचं, उद्यावर ठेवलं तर पिवळं-तपकिरी होऊन खाली गाळ बसतो, म्हणजे जो रंग जमिनीत व्हायला पाहिजे तो बादलीतच झाला.

हिराकस पोटात गेला तर धोकादायक आहे, लहान मुलांना तर फारच, लोहाची विषबाधा होते. आमच्याकडे भाची होती तर तिला दोन दिवस आजीकडे पाठवलं. हातमोजे, डोळ्याला चष्मा, फेकून द्यायचे कपडे. याचे डाग कपड्यावरून जात नाहीत, आणि मार्बलचा ओटा, पांढरी फरशी, दाराची चौकट, भिंतीचा खालचा फूटभर भाग सगळं प्लास्टिक लावून झाका, संगमरवरावर थेंब पडला तर तोही गंजतो आणि जन्मभर राहतो.

आता नमुना. नमुन्याशिवाय कुणीही सुरुवात करू नका. मी कपाटाच्या मागे येणाऱ्या जागेत फूटभराचे तीन चौकोन केले, ५० ग्रॅमचा एक हात, १०० चा एक हात, १०० चे दोन हात. लावलं तेव्हा जमीन नुसती ओली दिसत होती. दहा-पंधरा मिनिटांनी हिरवट करडी झाली, डबक्याच्या काठासारखी, आई दारात येऊन म्हणाली, “अगं हे काय, शेवाळ धरलं की काय जमिनीला!” मलाही धाकधूक झाली. दुपारी चारला कडेने पिवळी पडायला लागली, तिथे वारा जास्त होता. रात्री मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितलं तर मधला हिरवेपणा कमी झालेला आणि खालून गेरू वर येत होता, आणि खोलीत ओल्या नटबोल्टसारखा वास. सकाळी तिन्ही चौकोन वेगवेगळे तपकिरी, पहिला चहात दूध जास्त झाल्यासारखा, तिसरा जवळजवळ कौलासारखा. आई चहाचा कप घेऊन तिथेच खाली बसली आणि म्हणाली की तिसरा कर, तुझ्या आजोळच्या ओटीसारखा आहे. मग तिसराच केला.

प्रत्यक्ष लावायला मी चुन्याचा काथ्याचा कुंचला आणि झाडांना फवारायचा दोन लिटरचा प्लास्टिकचा पंप, दोन्ही वापरले. नुसता पंप मारला तर थेंबाथेंबाचे ठिपके येतात आणि नुसता कुंचला मारला तर कुंचल्याच्या रेघा, म्हणून एकाने पुढे फवारायचं आणि दुसऱ्याने लगेच मागून कुंचला गोल गोल, इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचा. सरळ रेघा मारायच्या नाहीत. दारासमोरच्या भिंतीपासून सुरुवात करून मागे मागे दाराकडे यायचं. ओली कड सुकू द्यायची नाही, मध्ये फोन आला तर वाजू द्या, सुकलेल्या कडेवर पुन्हा ओलं चढलं की तिथे कायमची रेघ. आधी जमीन थोडी ओलसर करून घेतली तर कडा मऊ येतात, मी फडकं पिळून पुसून घेतलं होतं. डबकं कुठे साचू देऊ नका, डबक्याच्या जागी गडद डाग येतो आणि वर पिवळ्या पावडरीचा थर बसतो.

पाय आणि बादलीचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे भावाने ओल्या जमिनीवर पाच मिनिटं बादली टेकवली, त्याचं गोल कडं अजून आहे. वर कितीही मारलं तरी ते गेलं नाही कारण तिथे हवा वेगळी लागली आणि रंग वेगळा झाला. बादली दाराबाहेर ठेवा आणि डब्याने पाणी आत घ्या. घामाचा थेंबसुद्धा दिसतो, कपाळाला रुमाल बांधा, मी खरंच सांगते.

पहिला हात सुकला, साधारण चार-पाच तासांनी, की दुसरा. दुसऱ्याला घाई केलीत तर काही बिघडत नाही पण किती गडद होतंय त्याचा अंदाज येत नाही, कारण पहिला अजून गंजत असतो. पंखा लावू नका सुरुवातीला, पंख्याखालचा गोल आधी सुकतो आणि वेगळा दिसतो. खिडक्या उघड्या ठेवा, एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी जमीन बघून घाबरू नका. वर केशरी भुकटी असते, पायाला लागते, जागोजाग पांढरी साय. भुकटी म्हणजे जो गंज मुरला नाही तो, आणि पांढरं आहे ते बहुतेक चुना आणि जिप्सम. भरपूर पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश घेऊन धुवा, पाणी फडक्याने उचलून बादलीत पिळा. मोरीत ओतलं की लगेच भरपूर पाणी सोडा नाहीतर मोरीची फरशी केशरी होते. पांढरं ओलं फडकं जमिनीवर फिरवलं आणि ते पांढरंच राहिलं की धुणं संपलं, आम्हाला पाच बादल्या लागल्या. धुतल्यावर रंग फिका वाटतो, खरा रंग सीलर चढल्यावर येतो, हवं तर ओल्या जमिनीकडे बघा, साधारण तसाच दिसणार.

सीलरच्या आधी पूर्ण दोन दिवस, आता मात्र पंखा फुल, सुकू द्यायचं. इथे माझ्या मावशीकडे, ठाण्याला, चूक झाली होती. मे अखेरीला तिने तिच्या गॅलरीत असाच रंग दिला, पाऊस यायच्या आत उरकायचं म्हणून धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी सीलर मारलं आणि पंधरा दिवसांत सगळीकडे दुधाळ पांढरे ढग. आत पाणी अडकलं होतं. ते सगळं सीलर घासून काढावं लागलं, रंग मात्र खाली जसाच्या तसा होता.

मी वॉटर बेस्ड ॲक्रिलिक काँक्रीट सीलर घेतलं, मॅट, ग्लॉस नको कारण ग्लॉसवर पाणी सांडलं की घसरतं आणि घरात आई-बाबा आहेत. फोमच्या रोलरने दोन पातळ हात, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडून. जाड एक हात मारायचा मोह होतो, त्याने बुडबुडे येतात. ज्यांना प्लास्टिकसारखं काही नको ते जवसाचं तेल वापरतात, रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात, पातळ लावून वीस मिनिटांत जादाचं पुसून घ्यायचं. रंग फार खोल दिसतो त्याने. पण पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात, पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा, मगच फेका.

सीलर झाल्यावर एक दिवस अनवाणी, तीन-चार दिवस जड सामान नको, मग खुर्ची-टेबलाच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवा. पुसायला साधं पाणी किंवा थोडा सौम्य साबण. लिंबू, व्हिनेगर, ॲसिडवाले फ्लोअर क्लीनर अजिबात नाही, ते सीलर आणि खालचा चुना दोन्ही खातं. बायांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, आमच्याकडे येणाऱ्या ताईंना मी बाटलीच वेगळी करून दिली. जिथे वर्दळ जास्त, दारापाशी वगैरे, तिथे वर्षा-दोन वर्षांनी सीलरचा एक हात पुन्हा मारावा लागतो, त्याची खूण म्हणजे पाण्याचा थेंब पुन्हा जिरायला लागतो. खालचा रंग पुन्हा द्यायला लागत नाही.

खर्च म्हणाल तर हिराकस, कुंचला, पंप, हातमोजे मिळूनही सीलर एकटं त्यांच्यापेक्षा महाग पडलं. बाबा रोज दुपारी वर्तमानपत्र घेऊन आता त्याच खोलीत खाली चटई टाकून बसतात, जमीन गार लागते म्हणतात. पडवीची ओल या उन्हाळ्यात मिस्त्रीला दाखवायची आहे, ती थांबली तर पुढच्या डिसेंबरात तिथे ५० ग्रॅमचा फिकट हात देणार, नमुन्याचा चौकोन आत्ताच पायरीच्या मागे करून ठेवलाय.